परतीचा रकाना

जिनिंग बंद पडलं तेव्हा
काट्याच्या खोलीची किल्ली मंडळाकडं आली.
कापूस मोजायचा काटा आत तसाच,
त्याच्या तव्यावर आता दोन कमोडखुर्च्या,
पाण्याची एक गादी, वॉकर, काठ्या,
आणि भिंतीला टेकून व्हीलचेअर,
ज्या वर्षी गणपतीत डीजे आणला नाही
त्या वर्षीची.

मी एसटीत कंडक्टर, अठ्ठावीस वर्षं, दारव्हा डेपो.
म्हणून वही माझ्याकडं.
नाव, वस्तू, नेली, परत.
हिशेब सोपा वाटला होता.

वस्तू परत येते
ती माणूस चालायला लागला म्हणून,
नाहीतर दुसऱ्या कारणानं.
दोन्हीला तारीख एकाच रकान्यात पडते,
शाईही तीच.

उकंडा इंगोल्याचा वॉकर
नातवानं सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला.
मी काही विचारलं नाही.
पोट्ट्यानं चप्पल दाराबाहेर काढली,
देवळात काढावी तशी,
आणि मान खाली घालून उभा.
मग म्हणाला,
"आबा आता धुऱ्यालोक जाते. तुमाले हे धाडलं."
पिशवीत चार भेदरं,
एक फुटलेलं.

लतीफाबींना खुर्ची हवी होती, पण दिवसा नको.
"अंधार पडू द्या, भाऊ."
अंगणवाडीच्या बेबीताई खोब्रागडे आणि मी
चादरीत गुंडाळून निघालो,
गावभर कुत्री मागं,
बेबीताईंना हसू आवरेना,
आणि खुर्चीच्या एका पायाचं रबर वाटेतच पडलं.
सकाळी ते एका पोरीनं दारावर आणून दिलं.
म्हणजे सगळ्यांना माहीत झालंच होतं.
कोणी बोललं नाही, एवढंच.

अंजनाबाई गेडाम मात्र फुकट काही घेईना.
टोंगळे सुजलेले, एक हात चौकटीला,
"भीक मांगतो काय मी?"
असं म्हणाली की विनातिकीट सापडलेल्या
माणसासारखा मीच उभा.

त्यावर बैठक भरली. चहा दोनदा झाला.
ठरलं ते एवढंच : भाडं घ्यायचं.
महिन्याला एक रुपया.
तिनं पदराची गाठ सोडली,
बारा रुपये मोजले, मार्चपर्यंतचे,
आणि तळहात पुढंच ठेवला.
"पावती?"
जुन्या सवयीनं मी चिठ्ठी फाडली,
कोपऱ्याला भोक पाडलं,
आणि काठी दिली :
बांबूची, बुडाला ट्यूबचं रबर.

तेव्हापासून सगळ्यांनाच भाडं आहे.
लोक आता ताठ मानेनं येतात,
गादी हलकी दिली म्हणून भांडतातसुद्धा.

पोळा झाला आणि अंजनाबाई गेली.
रकाना कोराच राहिला.
दिवाळी गेली, शेकोट्या पेटू लागल्या,
शालिकरावांनी बैठकीत विषय काढला :
काठ्या संपल्या, मागणारे तिघं,
ती एक पडून आहे तिथं.

पडून नव्हती.
अंगणात रोवलेली होती,
मूठ मातीत, रबर आभाळाकडं,
आणि तिच्यावरून पोपटाचा वेल
छपरापर्यंत गेलेला, जांभळ्या फुलांचा,
शेंगा नुकत्या धरलेल्या.
सून चुलीपुढून उठली,
"न्याले आले का?"
आणि मी काही बोलायच्या आत
नखानं एकेक तंतू सोडवू लागली,
झोपल्या लेकराची मूठ सोडवावी तशी.

"राहू दे," मी म्हणालो.
"मार्चलोक भाडं भरलं हाये."

खोलीत आलो, वही उघडली.
परतीच्या रकान्यात काय लिहावं कळेना.
शाईनं धीर होईना,
पेन्सिलनं लिहिलं : वापरात.
मग कोयता घेतला
आणि बेबीताईंच्या परसातल्या बेटाकडं निघालो.
तीन काठ्या काढायच्या होत्या,
उजेड होता तोवर.